आत्यापासून लपवलेला मेनू

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्या भल्यासाठी म्हणून काही बदलताना तुम्ही त्याला विचारता का? मी विचारलं नव्हतं.

माझी आत्या ठाकुर्लीला राहते आणि घरच्या घरी लग्नाच्या, हळदीच्या पत्रिका टाइप करून, मांडून छापखान्यात देते. तिचा कॉम्प्युटर इतका जुना, की पंखा सुरू झाला की शेजारच्या काकू विचारतात, दळण काढलंस का? त्यावर चोरीचं विंडोज होतं. मी घरातल्या चळवळीच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवून मोठी झालेली मुलगी. माझ्या सख्ख्या आत्याने असं यंत्र वापरणं मला सहन होईना. ज्याचं यंत्र, त्याचीच त्यावर सत्ता, असं भाषण ठोकून मी विंडोज काढून त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकली. आत्या म्हणाली, "बरं, पण माझे फॉन्ट चालू दे."

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अधूनमधून अपडेट होतो, तेव्हा जुना गाभाही जपून ठेवलेला असतो. मशीन सुरू होताना यातला कुठला हवा ते विचारणारा मेनू दिसतो. आत्या गोंधळेल म्हणून मी तो मेनू लपवला. तिला सांगितलंही नाही.

यंदा तिच्याकडे शीळफाट्याजवळच्या एका गावातल्या हळदीची पत्रिका आली. त्या पत्रिकांत भावकीची नावं मानाप्रमाणे लागतात. कोण वर, कोण कुणाशेजारी, यावर माणसं येतात किंवा येत नाहीत. नवरीचे आजोबा स्वतः आत्याशेजारी बसून नावं सांगत होते. आधी दिलेल्या कच्च्या प्रतीत एक नाव नव्हतं. त्यांचा सावत्र भाऊ. जमिनीवरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. मग म्हणाले, "घाल, बाय. नाव राहिला त मानूस राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. मी ठाण्यात, शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर का हवं या पत्रकाची प्रुफं तपासत होते.

"अगं, काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्यात. आणि कीबोर्डचे दिवे डोळे मिचकावतायत."

"खाली 'कर्नल पॅनिक' लिहिलंय का?"

"हो. म्हणजे काय?"

"म्हणजे ते घाबरून बंद पडलंय."

"घाबरायचं मी, आणि घाबरलंय ते होय?"

"आत्या, म्हातारं झालंय मशीन. डिस्क गेली असणार. रविवारी येऊन बघते."

"पत्रिका उद्या द्यायचीय गं छापायला."

"मग पुन्हा टाइप कर. तेवढं काय त्यात."

हे शेवटचं वाक्य अजून माझ्या कानात आहे.

आत्याने स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून, आधीच्या कच्च्या प्रतीवरून पत्रिका पुन्हा केली. त्या प्रतीत सावत्र भावाचं नाव नव्हतंच, ते नंतर तोंडी सांगून घातलेलं. घाईत ते राहिलं. पत्रिका छापून वाटल्या गेल्या. सावत्र भावाच्या घरून ती परत आली.

रविवारी मी पोचले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी मशीनचा डबा उघडला, केबली काढून लावल्या, रॅमच्या पट्टीची टोकं खोडरबराने घासली. काही फरक पडेना. मग आठवलं, मेनू मीच लपवलाय. सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं. मेनू आला. जुना गाभा निवडला, आणि आत्याचा नेहमीचा पडदा उघडला. फाइल जशीच्या तशी. सावत्र भावाचं नाव दुसऱ्या ओळीत.

डिस्क ठणठणीत होती. गाभा जिथे राहतो तिथे मीच जागा फार थोडी ठेवलेली, म्हणून अपडेट होताना नवा अर्धवटच बसलेला.

आत्या त्या नावाकडे बघत राहिली. मग तिने मला परत आलेल्या पत्रिकेचं सांगितलं.

"म्हणजे नुसतं हे बटण दाबून ठेवायचं होतं?"

"हो."

"आणि ते तू मला दाखवलं नाहीस."

"तू गोंधळशील म्हणून."

"मी अख्ख्या भावकीला मानाप्रमाणे ओळीत बसवते. दोन ओळींतली एक निवडताना गोंधळले असते?"

 

मूळ फाइलची प्रत काढून आम्ही दोघी गावात गेलो. मी आजोबांना मशीनचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्याला वाटतं, नाव मीच काढला. त्याला काय मशीनचा सांगू?" प्रत मात्र त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

सावत्र भाऊ हळदीला आले नाहीत. आत्याने आजवर या चुकीसाठी कुणापुढे माझं नाव घेतलेलं नाही, आणि तेच मला जास्त टोचतं. विंडोजवाल्या कंपनीने माणसांपासून काय लपवलं यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. आत्यापासून मी लपवलं, त्यावर हे पहिलंच.

म्हणून एक मागणं. तुम्ही कुणाच्या यंत्रात काही बसवून दिलं असेल, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. लपवलेला मेनू पुन्हा दिसू द्या. जुना गाभा निवडून मशीन कसं सुरू करायचं, ते एकदा त्यांच्याच हातून करवून घ्या. आणि तोवर तुम्ही कीबोर्डला हात लावू नका.