पेट्रोल भरणाऱ्याचं विमान

ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावातल्या उस्तादांनी विमानाचा फोटो आडवा धरला, उभा धरला आणि मला विचारलं, "माल किती भरायचा?"

ते गलबतं बांधायचे. त्यांचे वडील आणि आजोबाही तेच करायचे. विमानं त्यांनी डोक्यावरून जाताना पाहिली होती, पण बांधायला म्हणून विमान पहिल्यांदाच हाती आलं होतं.

दहाएक वर्षांपूर्वी मी मस्कतच्या रुवी भागात, पाट्या आणि प्रदर्शनांचं सामान करणाऱ्या एका फर्ममध्ये मजकूर लिहायचे. सूरजवळच्या एका हॉटेलला बागेत युद्धातलं विमान हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्लेनहाइम जातीची हलकी बॉम्बफेकी विमानं या समुद्रावर गस्त घालायची, पाणबुड्या शोधायची. खरं विमान मिळणं शक्य नव्हतं. आमच्या अर्बाबांनी, म्हणजे मालकांनी, चहा संपायच्या आत होकार देऊन टाकला. "अर्ध्या मापाचं लाकडाचं करू. लाकूड माझ्या मामांना कळतं." ते मामा म्हणजे हे उस्ताद.

"माल नाही, बॉम्ब," मी म्हणाले.

"वजन?"

मी फोनवर पाहिलं. "साडेचारशे किलो."

उस्तादांनी डोळे मिटून हिशेब केला. "मग पोट मोठं लागेल. आणि हे पंख पाण्याला लागतील."

"पण ते पाण्यात जाणारच नाहीये."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. होकार की नकार, ते मला कळलं नाही.

ते कागदावर नकाशा काढत नसत. आधी बाहेरच्या फळ्या जुळवायच्या, आतल्या बरगड्या मागून बसवायच्या, आणि माप डोळ्यात ठेवायचं. पिढ्यान् पिढ्या गलबतं अशीच होत आली होती, म्हणून विमानही तसंच होऊ लागलं. दोन आठवड्यांनी पाहिलं तर पुढून ब्लेनहाइम आणि मागून गलबत. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला होता. पोटाला माशाच्या तेलाचा हात दिला होता, आणि वैमानिकाच्या जागेपाशी उभं राहिलं की मासळीबाजार आठवायचा.

आमच्याकडून तिथे होते चाचा, आमच्या सुतारकामाचे फोरमन. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, तीस वर्षं ओमानात. महिनाअखेरीला त्यांचा व्हिसा संपत होता आणि ते कायमचे घरी निघाले होते. हे शेवटचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. का, ते एका दुपारी डबा खाताना कळलं.

"माझे बावा त्या विमानांवर होते," ते म्हणाले.

"वैमानिक?"

"खुळी काय गो? पेट्रोल भरायचे." युद्धाच्या दिवसांत त्यांचे वडील बोटीवरून उतरून मसिरा बेटावरच्या धावपट्टीवर मजुरीला लागले होते. डबे खांद्यावरून वाहायचे, चामड्याच्या फडक्यातून पेट्रोल गाळून टाकीत ओतायचं. पंखाला हात लावला तर कातडी निघायची, एवढा तापलेला असायचा. विमान सकाळी जायचं, दुपारी यायचं. "बावा रोज विचारायचे, साहेब, काय दिसलं? साहेब रोज सांगायचा, पाणी."

"आणि आत कधी बसले?"

"एकदा बसवतो म्हणाला होता साहेब. त्याची बदली झाली." चाचांनी डब्याचं झाकण लावलं. "बायो, तू पाटी लिहिणार आहेस ना? एक ओळ घाल. पेट्रोल भरणारेही होते म्हणून. मी जायच्या आधी तेवढी बघून जाईन."

एक ओळ! माझे वडील युनियनचं काम करायचे. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली होती, आणि घड्या घालता घालता छापील बाजूही पाठ झाली होती. मी चाळीस ओळी लिहिल्या. दोन साम्राज्यांच्या भांडणात तिसऱ्याच माणसाचा खांदा का सोलवटतो, विमानात तिघे बसतात तेव्हा जमिनीवर किती जण उभे असतात, हे सगळं त्यात होतं. शेवटची ओळ प्रश्नार्थक होती. आमच्या घरी पत्रक प्रश्नावरच संपवायची पद्धत होती.

हॉटेलचे मॅनेजर पुण्याचे होते. त्यांनी चाळीस ओळी पूर्ण वाचल्या, हे मान्य करायला हवं. मग चष्मा काढला.

"मॅडम, आमचे पाहुणे इथे नाश्ता करणारेत. क्रांती नाही."

"दोन्ही करता येईल."

"बुफे साडेदहाला बंद होतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "एक ओळ देतो मी तुम्हाला. 'कामगारांनीही मोलाचे सहकार्य केले.' झालं?"

चाचा शेजारीच बसले होते. ते होकाराची मान हलवू लागलेले मला दिसले. मी तरी म्हणाले, "सहकार्य? सत्कार समारंभ आहे का हा? चाळीस ओळी जातील, नाहीतर एकही नाही."

"मग एकही नाही," मॅनेजर प्रसन्नपणे म्हणाले आणि माझ्या मजकुरावर काट मारली. पाटीवर विमानाची लांबी राहिली, रुंदी राहिली, आणि 'कर्मचारी: तीन'.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये चाचा बराच वेळ समुद्राकडे बघत होते. मी अजून तावातच बोलत होते, तत्त्व, तडजोड वगैरे. शेवटी ते म्हणाले, "बायो, मला एक चालली असती."



विमान पूर्ण झालं त्या सकाळी उस्तादांनी जाहीर केलं की आज ते पाण्यात जाईल. एक भरती पाण्यात काढल्याशिवाय त्यांच्या हातचं काहीच बाहेर जात नसे. कापूस फुगतो, सांधे बसतात.

"पण हे बागेत उभं राहणार आहे," मी म्हणाले.

"बागेत पाऊस पडतो?"

"वर्षातून दोनदा."

"मग?" ते म्हणाले.

आणखी एक नियम होता. बिननावाचं काहीही पाण्यात उतरवायचं नाही. नाव मागच्या फळीवर कोरायचं. उस्तादांनी आजूबाजूला पाहिलं, महिनाभर आपल्या बरोबरीने रंधा मारणारे चाचा त्यांना दिसले, आणि त्यांनी पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. चाचांनी ती धरली, माझ्याकडे पाहिलं, मग शेपटीच्या फळीवर उजवीकडून डावीकडे काहीतरी सावकाश लिहिलं. कोरणाऱ्याने लगेच छिन्नी लावली. मला ती लिपी येत नाही. कोणाचं नाव, ते विचारायची गरजही नव्हती.

भरतीला सगळ्यांनी दोर धरून "यल्ला, यल्ला" म्हणत ते बॉम्बफेकी विमान खाडीत ढकललं. ते उत्तम तरंगलं. पंख पाण्यावर चापट्या मारत होते. वजनाला कोणीतरी हवं होतं, म्हणून उस्तादांनी चाचांना वैमानिकाच्या जागेवर बसवलं. गळ्यात टाय घातलेले मॅनेजर नेमके तेव्हा पाहणीला आले.

"माझं विमान पाण्यात का आहे?"

"गस्त चालू आहे," अर्बाब म्हणाले.

विमान दोराच्या टोकाला डुलत होतं. चाचांनी कपाळावर आडवा हात धरून उघड्या समुद्राकडे पाहिलं. मी काठावरून ओरडले, "चाचा, काय दिसतं?"

"पाणी!" ते ओरडले, आणि इतके हसले की विमान एका पंखावर कललं.

उद्घाटनाच्या दिवशी बागेत माशाचा वास घमघमत होता. मॅनेजरांनी शेपटीवरची अक्षरं पाहून अर्बाबांना विचारलं होतं, हे काय? अर्बाबांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, नाव आहे, काढलं तर फळी जाईल. एवढ्यावर मॅनेजरांनी पाटीत स्वतःहून भर घातली. विमानावर नाव म्हणजे वैमानिकाचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. 'वैमानिक' या शब्दापुढे चाचांच्या वडिलांचं नाव, सुबक इंग्रजीत. पाहुणे रांगेने फोटो काढत होते.

ती ओळ धडधडीत खोटी होती. मी मॅनेजरांच्या दिशेने निघालेही. चाचांनी माझी बाही धरली.

"आता तू परत चाळीस ओळी नको सुरू करू."

"पण चाचा, ते पेट्रोल भरायचे! तेच तर सांगायचं होतं!"

"हाय गो." त्यांनी नवीन शर्ट घातला होता, घडीच्या रेषा अजून तशाच होत्या. दोन दिवसांनी विमान होतं त्यांचं, खरंखुरं. "पण साहेबाने बसवतो म्हणून कबूल केलं होतं ना? आता बसले."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि शेपटीपाशी जाऊन ताठ उभे राहिले. मी फोटोसाठी फोन वर केला.

"नाव पूर्ण येतंय ना?" त्यांनी विचारलं.

नव्हतं येत. मी दोन पावलं मागे सरले. नाव आलं, आणि नावाबरोबर ती खोटी पाटीही आली. मी बटण दाबलं.