लॉगबुकात सुमनचं अक्षर

सुमन गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही किचनच्या टेबलावर लॉगबुक भरायची प्रॅक्टिस करत होतो. मी मटार सोलत होतो, ती फूटपट्टी धरून शिकवत होती.

"अहो, इकडे बघा. गाडी चालू असली की रेघ या घरात. थांबून आराम केला की सगळ्यात वरच्या घरात."

मी म्हटलं, "सोळा वर्षं एस.टी. हाकली, एक रेघ मारली नाही."

"म्हणूनच तुमची गाडी कधी वेळेवर आली नाही."

सकाळी ती उठलीच नाही. हार्ट.

मी असलं काही मानत नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर ढोंगी म्हटलंय. पण हे माझ्याबाबतीत झालं... म्हणून लिहितोय. कोणी वेडा म्हटलं तरी चालेल.

साल ८६. आम्ही मॅसेच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला राहायचो. माझं शिक्षण चौथी, ती मॅट्रिक. रस्त्यावरचे बोर्ड वाचण्यापुरतं इंग्रजी मला तिनेच शिकवलं, ट्रकचं लायसन्स तिच्यामुळेच मिळालं. इथे ट्रकवाल्याला दिवसभराचा हिशोब लॉगबुकात द्यावा लागतो — किती वाजता निघाला, कुठे थांबला. थांबलं की लगेच भरायचं.

तेराव्यानंतर आठवड्याने पहिली एकट्याची ट्रिप मिळाली, ओहायोची. बॉसने बजावलं होतं, एक चूक झाली की घरी बसायचं. त्या रिकाम्या घरात बसायची मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

सकाळी सहाला निघालो. लॉगबुक उघडलं, चौकटी बघितल्या आणि मिटलं. म्हटलं, मुक्कामाला भरू. हीच चूक.

साडेअकराला स्क्रॅन्टन ओलांडून रेस्ट एरियात थांबलो. मेहुण्याच्या बायकोने पोळी-भाजी दिली होती. पहिला घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. डबा बंद केला, पाऊण तास स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. आसपास एकही गाडी नव्हती.

दुपारी दोनच्या सुमारास, स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या अलीकडे, ट्रकच्या वजनकाट्यावर इन्स्पेक्टरने बाजूला घेतलं. म्हणाला, "लॉगबुक." कोरं पुस्तक त्याच्या हातात दिलं. मनात म्हटलं, संपलं.

त्याने पान बघितलं. बोट खाली नेलं.

"व्हॉट लँग्वेज इज धिस?"

मला वाटलं, मस्करी करतोय. त्याने पुस्तक माझ्यासमोर धरलं.

पान भरलेलं होतं. सहा ते साडेअकरा गाडी चालू. साडेअकरा ते सव्वाबारा रेघ वरच्या घरात. मग परत चालू, काट्यापर्यंत. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला बारकं टिंब — सुमन आधी पेन टेकवायची आणि मग ओढायची, तसं. आणि खाली, थांबलेल्या गावाचं नाव लिहायच्या जागेपाशी, मराठीत दोनच शब्द. "जेवले नाहीत."

"मराठी," मी म्हटलं.

"मीन्स?"

"नो लंच."

तो हसला, "गो ईट, मॅन," म्हणाला आणि पुस्तक परत दिलं.

प्रॅक्टिसचं पान असेल म्हणाल, तर ते आम्ही बॉस्टनच्या ट्रिपचं केलं होतं, आणि ते घरी टेबलाच्या खणातच होतं. मी परत येऊन बघितलं. पोरगी तेव्हा दूर कॉलेजात होती, ती म्हणते, "बाबा, यू मस्ट हॅव रिटन इट युअरसेल्फ. दुःखात माणूस विसरतो." असेल. पण माझं अक्षर मी ओळखतो, तिचंही ओळखतो. ते पान कंपनीत जमा करावं लागलं, त्यामुळे दाखवायला काही नाही. चाळीस वर्षं होत आली, मला उलगडलेलं नाही. आता विचारायला कोणी नाही.

त्या रात्री ट्रकमध्येच झोपलो. कोणी आलं नाही, काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर वाट बघितली.

सकाळी ट्रकस्टॉपच्या हॉटेलात जाऊन मेनूवरच्या चित्रावर बोट ठेवलं. अंडी, बटाटे, टोस्ट आले. सगळं संपवलं. मग तिथेच टेबलावर लॉगबुक उघडलं, कालच्या पानाखालचं नवं पान काढलं आणि पहिली रेघ मारली. वाकडी आली.