भाजलेली चकती

प्लास्टिक जळाल्याचा वास आला की मला विद्यापीठातली ती दुपार आठवते. वर्षभर खपून मी लोखंडाचे अणू ओवलेला पॉलिमर बनवला होता. त्याची मधाच्या रंगाची चकती हवा न लागू देता भट्टीत तापवली, की तिच्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार व्हायला हवे होते. निघाली ती काळीठिक्कर. "जळून गेली," म्हणत मी ती कचऱ्यात टाकायला निघाले. झाडलोट करणाऱ्या मावशी पूर्वी पडेगावला वीटभट्टीवर होत्या. त्यांनी चकती हातात घेऊन टिचकी मारली, तशी ती खणकन वाजली. "जळाली नाय ताई, भाजलीय. नीट भाजलेली वीटच अशी वाजती." मी चुंबक जवळ नेलं, आणि चकती उडी मारून त्याला चिकटली; लोखंडाचे कण आत तयार झाले होते. आता माझे विद्यार्थी वहीत 'जळालं' लिहायला लागले, की मी त्यांना आधी टिचकी मारायला सांगते.