फक्कीची रेघ सासऱ्याच्या दारात

हसायचं न्हाय, असं आधी कबूल करा. म्हंजे हसणार तुम्ही, ते मला ठाऊक हाय, पण निदान शेवटापर्यंत दम धरा. रस्ते बांधणाऱ्या माणसानंच वाट चुकावी, आणि चुकून जावं ते कुठं, हे ऐकताना आजवर भल्याभल्यांचा चहा नाकातनं आलाय. म्हणून कपबशी जरा खाली ठेवा.

गोष्ट स्वराज्याच्या आधीची. मी तवा निपाणी भागात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. कच्चा. म्हंजे रस्ता कच्चा न्हवं, मीच. नोकरी हंगामी, कायम व्हायची होती.

माझं ध्यान पहिल्यापासनं वाऱ्यावर. लहानपणी आमच्या खासबाग वस्तीत आई पाण्याला धाडायची, तर मी घागर विहिरीवर ठेवून हात हलवत घरी यायचो. आई विचारायची, पाणी कुठं हाय? मी म्हणायचो, विहिरीत. असल्या माणसाला सरकारनं रस्त्याची रेघ मारायचं काम द्यावं, ह्यात चूक कुणाची, तुम्हीच सांगा.

आदल्या उन्हाळ्यात माझं लगीन झालेलं. बायको शांता. सासुरवाडी चिकोडीच्या रस्त्याला, निपाणीपासनं जरा आत. गावाचं नाव सांगत न्हाय, त्यांची अजून शेती हाय तिथं. सासरे तंबाखूचे बागायतदार. घरातले त्यांना आप्पा म्हणायचे, मी मामा म्हणायचो, आणि मनातनं नुसता घाबरायचो. आता झालं काय, की सोयरीक जमवताना आमच्या अण्णांनी, म्हंजे वडलांनी, पोराची नोकरी कायम हाय म्हणून छातीठोक सांगितलेलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि पंगतीतच कुणीतरी आप्पांच्या कानात खरं काय ते घातलं. आप्पांनी हात धुतला आणि मला म्हणाले, "पावणं, नोकरी कायम झाली की पोरगी धाडतो. तवर ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय."

झालं! वरात एकट्याची परत आली.

मग मी करायचो काय, की रविवार आला की सायकल काढायची, त्यांच्या गावच्या चिंचेपर्यंत जायचं, तिथनं सासऱ्याच्या घराची कौलं बघायची आणि माघारी यायचं. कौलं बघून काय मिळतं म्हणता? लगीन झालंय आणि बायको न्हाय, असं तुमचं कधी झालंय काय? मग गप ऐका.

त्या थंडीत मोठ्या रस्त्यापासनं पलीकडच्या बाजारगावाला नवा रस्ता काढायचं ठरलं. मोजणी होऊन लांब लांब अंतरावर निशाणं रोवलेली. आता एका निशाणापासनं दुसऱ्यापर्यंत चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारायची, म्हंजे मागनं खोदाईवाले येणार. दुपारी थोरले इंजिनियर साहेब बघायला येणार होते. धारवाडकडचा माणूस, कमी बोलणारा, आणि बोलला की दुसऱ्याचं बोलणं बंद करणारा. लाईन पसंत पडली तर माझं नाव कायमसाठी वर जाणार, असं कचेरीत कळलेलं. म्हंजे बघा, रेघेवर नोकरी अडकलेली आणि नोकरीवर शांता. रात्रभर मी जागा. ती झोप सकाळी चालताना वसूल झाली असं माझं म्हणणं हाय, पण ते कुणी मानत न्हाय.

रेघ मारायची पद्धत अशी. ओव्हरसियर पुढं चालणार, नजर निशाणावर. त्याच्या पावलावर पाऊल टाकत मुकादम पाटीतनं चुन्याची फक्की सोडणार. त्याच्या मागं दोन गडी, एक खुंटी धरणार, एक मोगरी हाणणार.

आमचा मुकादम बाळाप्पा. घरात कानडी, कामावर मराठी, आणि बैलांशी दोन्ही. माणूस लाखाचा, पण प्रश्न लई. सायेब इथनं का, सायेब तिथनं का न्हाय, सायेब त्या बाभळीचं काय करायचं. मला त्या दिवशी चूक नको होती. म्हणून सकाळीच मी त्याला दटावलं, "बाळाप्पा, आज तोंड उघडायचं न्हाय. मी जाईन तिकडं फक्की सोडायची. समजलं?"

त्यानं मान हलवली. सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा माणूस किती घातकी असतो, ते मला तवा ठाऊक नव्हतं.

निघालो. धुकं असं दाट पडलेलं की आपलाच हात लांब केला तर परका वाटावा. दोन्हीकडं तंबाखू उभी. पानं दवानं जड होऊन वाकलेली, त्यांचा तो ओला, जरा कडसर वास. कुठंतरी मोट चालू होती. चाकाची कुरकुर आणि मोटकऱ्याचा सूर दोन्ही धुक्यात भिजून हळूहळू कानावर यायची. मागं बाळाप्पाची फक्की नुसती फसफस करत पडत होती. असल्या वेळी माणूस चालत न्हाय, तरंगतो.

पहिलं निशाण दिसलं. दुसरं दिसलं. तिसरं दिसायच्या आत मला घर दिसलं.

कायम झालेल्या ओव्हरसियरचं घर! आधी खासबागेत दोन खोल्याच होत्या. पण धुकं वाढलं तसं घरबी वाढलं, आणि म्हणता म्हणता बड्या लोकांच्या टिळकवाडीत बंगला झाला. पुढं अंगण, अंगणात अबोलीचं वाफं. मी फिरतीवरनं आलोय, बूट धुळीनं माखलेत. शांता दारात उभी हाय, केस अजून ओले हायत, आणि मला बघून ती पदर नीट करती. काय सांगू तुम्हाला, इतकं सुख झालं मला त्या दारात की डोळं भरून आलं. चालता चालता रडणारा ओव्हरसियर सरकारनं पहिल्यांदाच बघितला असंल, पण बघाय कुणी नव्हतं.

पायाखाली वाट होती. कुठं चाललीस म्हणून मी तिला विचारलं न्हाय. मोजणीची लाईन फाट्यावर सरळ गेली आणि मी वळलो, कारण दर रविवारी सायकल तिथंच वळायची. पायांना काय, सवय.

मग चिंच आली. रविवारी मी तिथं थांबायचो. पण आज मी कायम झालेलो होतो की हो, मनातल्या मनात का असंना! कायम झालेला जावई चिंचेपाशी कशाला थांबंल? गेलो पुढं. आप्पांच्या तंबाखूमधनं जी पायवाट जाते तिनं गेलो, गोठ्यावरनं गेलो, आणि अंगणात शिरलो.

शांता दारात सडा घालून रांगोळी काढत होती. केस ओले. ती मान वर करून बघतच राहिली. मला तरी कुठं नवल वाटलं? आत्तापर्यंत तिलाच बघत आलतो. मी सावकाश कट्ट्यावर बसलो, बूट काढले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणालो, "शांते, चहा टाक गं. लई दमलो आज."

ती हलंना. तिच्या बोटातनं रांगोळी तशीच गळत होती. आणि तेवढ्यात फक्कीची धार माझ्या मागनं आली, अंगण ओलांडून आली, रांगोळीला येऊन भिडली आणि थांबली. बाळाप्पानं पाटी खाली ठेवली. सकाळपासनं दाबून धरलेला प्रश्न त्याला आता आवरंना.

"सायेब, म्होरं भिंत हाय. फोडायची का वळसा घालायचा?"

जागं होणं म्हंजे काय, ते मला विचारा. थंडीत अंगावर कुणी कळशी उपडी केली तर माणूस निदान ओरडतो. मला तेवढंबी सुचलं न्हाय. मी दार बघितलं, कौलं बघितली, आणि दारातनं बाहेर येणारे आप्पा बघितले.

आप्पांनी आधी मला बघितलं, मग बाळाप्पाच्या पाटीला, मग त्या पांढऱ्या रेघेला. रेघ त्यांच्या अंगणातनं गोठ्याकडं, गोठ्यावरनं तंबाखूत गेलेली, आणि अधनंमधनं सरकारी खुंट्या. त्यांच्या तोंडचा रंग उडाला. त्या काळी लोक म्हणायचे की सरकारची फक्की पडली की ब्रह्मदेव आला तरी पुसत न्हाय.

आता खरं तर मी सांगायला पायजे होतं की मामा, चुकलं, झोपेत आलो. पण बायकोच्या समोर? सासूबाई चुलीकडनं डोकावत असताना? जिभेनं परस्पर सांगून टाकलं, "मामा, सरकारी काम हाय. माझ्या हातात काय न्हाय."

इथनं सगळं माझ्या हातातनं गेलं. धुकं विरायच्या आत निम्मं गाव अंगणात जमलं. एक म्हणाला रस्ता माझ्या दारावरनं न्या, दुकान घालतो. दुसरा म्हणाला माझ्या विहिरीपासनं लांब न्या. बाळाप्पा भिंतीवर टिचक्या मारून बघत होता, माती हाय का दगड. त्याची प्रत्येक टिचकी आप्पांच्या काळजात वाजत होती. आणि मी? मी कट्ट्यावर बसून चहा पीत होतो. व्हय, आला चहा. कपाची बशी धुतलेली होती, वर गूळशेंगदाणे होते. हंगामी जावयाला असलं काय मिळत नसतंय.

शेवटी आप्पांनी मला गोठ्यामागं नेलं. तो एवढा दांडगा माणूस, पण आवाज खाली आलेला. म्हणाले, "पावणं, बापजाद्याचं घर हाय. पोरगी आजच्या आज घेऊन जावा. पर रेघ तेवढी वळवा."

बघा आता. ज्याच्यासाठी इतके महिने कौलं मोजली, ते न मागता पदरात पडत होतं. मी खोकलो. कपाळाला आठी घातली. म्हणालो, बघतो, वर बोलावं लागंल. माणूस किती लबाड असतो हे मला माझ्याच आवाजावरनं कळलं.

शांतानं गाठोडं बांधलं, केसात अबोलीची वेणी माळली. सासूबाईंनी ओटी भरायला घेतली. आणि नेमकं तवाच तंबाखूतनं थोरले साहेब आले.

फाट्यावर त्यांना दोन लाईनी दिसल्या. एक निशाणांची आणि एक फक्कीची. सरकारी माणूस, फक्कीवर विश्वास ठेवला. मोटार फाट्यावर सोडून त्या अरुंद वाटेनं रेघ धरून चालत आले. पांढऱ्या विजारीला दोन्हीकडनं तंबाखूचा काळा चीक लागलेला. अंगणात रेघ संपली तिथं ते थांबले.

"ही लाईन कुणी मारली?"

बाळाप्पानं अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. वर सांगितलं, आमचे सायेब मधे कुठंच थांबले न्हाईत, एकदाबी मागं वळून बघितलं न्हाय.

साहेबांनी विचारलं, घर कुणाचं? मी म्हणालो, सासऱ्यांचं. त्यांनी शांताच्या हातातल्या गाठोड्याकडं बघितलं, वेणीकडं बघितलं, आणि विचारलं, ही कोण? मी म्हणालो, बायको. लग्नापासनं भेट न्हाय. एवढं बोललो, आणि मग सगळंच सांगून टाकलं. धुकं, बंगला, अबोली, काय काय सांगितलं, देवाला ठाऊक.

साहेब हसले न्हाईत. हसले असते तर बरं झालं असतं. विजारीचा चीक नखानं खरवडत म्हणाले, "लाईन सरळ आहे. पण हा माणूस अजून एक वर्ष कच्चाच राहू दे." आणि फक्की पुसायला सांगून आल्या वाटेनं निघून गेले.

आप्पांना हळूहळू उमगलं. म्हणाले, "म्हंजे घर जात न्हाय?"

"न्हाय, मामा."

"आणि तुम्ही कायम न्हाय."

"न्हाय."

आप्पांच्या मिशीत जीव परत आला. त्यांनी शांताच्या हातातलं गाठोडं धरलं, आत ठेव म्हणाले. संपलं सगळं. मी खाली बसून बूट चढवायला लागलो. डोळ्यात पाणी असलं की नाडी सापडत न्हाय हो.

पण गाठोडं काय सुटंना. एका टोकाला आप्पा, एका टोकाला शांता. आणि बापासमोर कधी मान वर न केलेली ती पोरगी शांतपणानं म्हणाली, "आप्पा, धुकं पडलं की हे असंच चालत सुटणार. आज आपल्या दाराला लागले म्हणून बरं. उद्या दुसऱ्याच कुणाच्या दारात बसून चहा टाक म्हणतील. मग काय करायचं?"

आप्पांनी विचार केला. माझ्याकडं नीट, वरपासनं खालपर्यंत बघितलं. आणि गाठोडं सोडलं.

रिवाजाप्रमाणं मी पुढं निघालो, तर तिनं अंगणातच थांबवलं. म्हणाली, तुम्ही मागनं या, वाट मी बघते. ती पुढं, मी मागं, आणि आमच्या मागं बाळाप्पा बाभळीच्या फांदीनं रेघ पुसत चाललेला. ऊन आलतं. तंबाखूची पानं चमकत होती. पुढं ती अबोलीची वेणी हलत होती, आणि खरं सांगतो, मला परत तो टिळकवाडीचा बंगला दिसायला लागलेला. तेवढ्यात तिनं वळूनसुद्धा न बघता सांगितलं, "बांधावरनं चाला, पाटात जाशीला."

गेलोच मी पाटात, गुडघ्यापर्यंत.

लोकांच्या बायका नांदायला येतात. माझी राखणीला आली.