स्टामेनचं नाक

प्लोव्दिव शहरातल्या एका विमा कचेरीत स्टामेनच्या नाकाला देवस्थानाचा मान होता. ठोकलेल्या गाडीचा दावा टेबलावर आला, की हा सकाळी खाल्लेल्या चीजभरल्या बानित्सानं तेलकट झालेल्या बोटांनी कागद उचलायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "पास." नाहीतर, "चौकशी." मामाच्या वशिल्यानं चिकटलेला गडी, पण 'का' म्हणून कुणी कधी विचारलंच नाही. ज्याला कुणी विचारत नाही त्याला जे शहाणपण येतं, ते याच्यात नुसतं उतू जात होतं.

मग वरच्यांनी रालित्साला धाडलं. संगणकात साठलेले जुने निकाल चाळायचे आणि माणूस कशावरून काय ठरवतो तो नियम त्यातून हुडकायचा, हे तिचं काम. नियम सापडला की यंत्राला शिकवायचा. मग खुर्चीत माणूस कशाला?

"हुडक, पोरी, हुडक," स्टामेन पोट हलवत हसला. "नाकाला कुठं नियम असतोय?"

आतून मात्र टरकला होता. खुर्ची गेल्यावर दावेवाल्यांपैकी त्याला फुकटची राकिया दारू कोण पाजणार?

रालित्सानं गाडीचं वय बघितलं, नुकसान बघितलं, चालकाच्या जुन्या भानगडी बघितल्या. कशाचा कशाला मेळ नाही. शेवटी दावे आले त्या क्रमानं लावले, आणि तिला हसू आवरेना.

"नियम एकच आहे, बाई," तिनं शाखाप्रमुख दिमोवाबाईंना सांगितलं. "आधीचा पास, तर हा चौकशीला. आधीचा चौकशीला, तर हा पास."

बाई स्टामेनकडं वळल्या. "काय हो, दावे तपासत होता, का पत्ते वाटत होता?"

"साफ खोटं! यंत्राला काय कळतंय? द्या एखादा दावा, आत्ता दाखवतो!"

बाईंनी ताजा कागद सरकवला. एकच कबुतर धडकलं आणि गाडीची चारही दारं चेपली, असं त्यात लिहिलं होतं.

स्टामेननं कागद नाकाशी नेला. डोळे मिटले. कपाळावर घाम डवरला. मग एक डोळा किलकिला करून तो पुटपुटला, "बाई, याच्या आधीच्याचं काय झालतं?"

"चौकशीला गेला."

"मग हा पास!" स्टामेननं टेबलावर थाप मारली.

"रालित्सा," बाई म्हणाल्या, "यंत्राला हे चुकूनही शिकवू नकोस. आणि उद्यापासून या खुर्चीत कुणालाही बसव. वाचता येतं एवढं बघ, बास."