पायाला होणारे बूट

संध्या गोताड वरच्या वाडीच्या पाखाडीवर पडली, ती घसरून नाही, बुटांमुळे पडली. हे ती भेटेल त्याला सांगत होती, आणि ऐकणारा प्रत्येक जण बुटांकडे न बघता तिच्या पायांकडे बघत होता. तिचं डोकं भडकलं ते तिथूनच.

संध्या घरोघरच्या वीजमीटरचं रीडिंग घ्यायची. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे तिचं काम सुरू व्हायचं. वहाळ ओलांडायचा, सड्यावरचा उघडा कातळ तुडवायचा, मग जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी चढून एकेका वाडीत जायचं, मीटरचा फोटो मोबाइलवर काढायचा आणि पुढचं घर गाठायचं. इतकी वर्षं हे सगळं तिनं साध्या चपलांवर केलं. नवरा विनोद मुंबईला कुरियरच्या गोदामात होता, घरी सासू सोनूबाई आणि धाकटी जाऊ शमिका. घरी बसून भागण्यासारखं नव्हतं, आणि खरं तर संध्याला घरी बसायची आवडही नव्हती.

मागल्या दिवाळीनंतर तिच्याबरोबर काम करणाऱ्या बकुळाला सड्यावर फुरसं चावलं, नेमकं घोट्यापाशी. बकुळा रत्नागिरीच्या इस्पितळात बरेच दिवस पडून होती. वाचली, पण रीडिंगचं काम देणारी एजन्सी घाबरली. सुपरवायझर हर्षदनं सगळ्या बायकांना बोलावून एकेक खोकं हातात दिलं. आत बूट होते, घोट्यापर्यंत येणारे, पुढे निमुळते, कडेला जांभळी पट्टी.

"लेडीज मॉडेल आहे," हर्षद म्हणाला. "उद्यापासून चप्पल दिसली तर रीडिंग धरणार नाही."

संध्याचा पाय टाचेला बेताचा, पण पुढे पंजा असा पसरट की उभी राहिली की पाची बोटं एकमेकांना न टेकता मोकळी उभी राहत. त्या बुटात पंजा शिरेचना. कसाबसा कोंबला तर करंगळी अंगठ्याच्या दिशेनं दुमडून जायची.

"एक नंबर मोठा घ्या, सोपं आहे," हर्षदनं सांगितलं. मग दोन नंबर मोठा दिला. बूट लांब झाला, रुंद झाला नाही. पंजा आवळलेलाच राहिला, टाच मात्र आत खुळखुळायला लागली आणि पुढे रिकामं टोक लोंबायला लागलं. ते टोक पाखाडीच्या पायरीला अडकलं आणि संध्या गुडघ्यावर आपटली. गुडघा फुटला, साडी फाटली. तिनं हर्षदला फोन केला, तर त्यानं पहिलं विचारलं, "मोबाइल शाबूत आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "मीच फुटले."

लंगडत घरी आली तर सोनूबाई ओट्यावर सुपारी सोलत बसलेली. तिनं गुडघा बघितला, मग पाय बघितले.

"बुटांना कशाला दोष देतेस गो? तुजे पायच तसले. तुला बगायला आलो तवाच माजी नणंद म्हनाली व्हती, पोरीचे पाय बगा, फावड्यावानी हायत."

संध्याला ते वाक्य नवीन नव्हतं. बघायला आलेल्या मंडळींनी तिला माजघरापासून ओट्यापर्यंत चालून दाखवायला लावलं होतं. ती चालली, आणि एक बाई पदर तोंडाला लावून हसली. लग्नाच्या दिवशी, अख्खा दिवस, संध्या पायाची बोटं आत आवळून उभी होती. सप्तपदीसुद्धा तशीच चालली. तेव्हा तिला लाज वाटली होती. आज गुडघ्यावर हळद दाबताना तिला पहिल्यांदा वाटलं, लाज कसली? आपण कुणाचं काय घेतलं होतं?

"हे पाय आहेत म्हणून या घरात पाणी आलं," ती सासूला म्हणाली. "विहिरीवरून पंधरा वर्षं याच पायांनी वाहिलंय. तेव्हा कुणी रुंदी मोजली नाही."

सोनूबाईनं सुपारी खाली ठेवली.

गुडघा जरा वाळल्यावर संध्या काम आटपून, शमिकाला बरोबर घेऊन रत्नागिरीला गेली. मुद्दाम दुपार टळल्यावर गेली. दिवसभर चालून तिचे पाय सुजायचे, आणि बूट त्या पायांना व्हायला हवे होते, सकाळच्या ताज्या पायांना नाही. कामावर घालायचे जाड मोजेही पिशवीत घेतले होते. राम आळीतल्या एका मोठ्या दुकानात दोघी शिरल्या. विकणाऱ्या तरुणानं एक जोड आणला, दुसरा आणला, तिसरा आणला. सगळे पुढे निमुळते.

"रुंद दाखव."

"ताई, लेडीजमध्ये रुंद येतच नाही. बायकांचा पाय असा नसतो."

"मग हा कुणाचा आहे?"

तो हसला. संध्या हसली नाही. तिनं बुटातला तळ उपसून बाहेर काढला, फरशीवर ठेवला आणि त्यावर उभी राहिली. दोन्ही बाजूंनी पाय बाहेर सांडला.

"बघ नीट. हे जे बाहेर राहिलंय ते कुठे ठेवू? पिशवीत?"

"वापरून वापरून सैल होतील की."

"बूट सैल व्हायच्या आधी माझी बोटं वाकडी होतील."

"मग तुम्ही उघडी सँडल घ्या ना, आरामशीर."

"आणि सड्यावरच्या फुरशाला काय सांगू? इथे चावू नको म्हणून?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शमिकानं तिचा दंड धरला. "हळू बोला ना ताई, लोक बघतायत."

"बघू देत! बावीस वर्षं बघतायतच." संध्यानं तो तळ विकणाऱ्याच्या हातात दिला आणि बाहेर पडली.

रस्त्यावर शमिका तिला गाठायला भराभर चालली. मग दबकत म्हणाली, "माझा भाऊ ट्रॉलरवर आहे ना, तो बंदरावर बूट घेतो. त्या लोकांचे पाय तुमच्यासारखेच असतात. पण तिथे सगळं पुरुषांचं..."

"हे आधी सांगायला तुझं तोंड कुणी शिवलं होतं?" संध्या तिच्यावरही खेकसली आणि रिक्षाला हात केला.

मिरकरवाड्याच्या बंदराजवळच्या त्या दुकानात दोर, जाळी, रेनकोट आणि बूट छतापर्यंत लटकलेले होते. मालक आत्माराम दोर मापत होता. त्यानं मान वर केली.

"कुणाला पाहिजेत? मालकांना घेऊन या, पायात घालून देतो."

"मालक इथेच आहेत," संध्या म्हणाली आणि दोराच्या वेटोळ्यावर पाय ठेवला. "हा पाय. बूट दाखवा. घोट्याच्या वर येणारे, चालायचे, गमबूट नकोत."

"अहो बाई, हे जेंट्सचे आहेत."

"पायाला कळतं का ते?"

आत्माराम पुटपुटत उठला. पहिला जोड पुढे ऐसपैस, पण घोट्याला कडक. दोन पावलांतच टोचला. दुसऱ्यात टाच वर-खाली व्हायची. तिसरा मातकट रंगाचा, पुढे गोल, कडेला मऊ गादी, खाली खोल खाचा असलेला जाड तळ. संध्यानं त्याचाही आतला तळ काढला, जमिनीवर टाकला, उभी राहिली. पाय सगळाच्या सगळा त्याच्यावर मावला. मग मोजे चढवले, बूट घातले, नाड्या पंज्यावर ढिल्या आणि घोट्याशी घट्ट बांधल्या, आणि दुकानाबाहेर चालू पडली.

"ओ! पैसे न देता कुठे?" आत्माराम ओरडला.

"माझी जाऊ बसलीय इथे," ती मागे न बघता म्हणाली.

मासळी उतरवून झाली होती, धक्क्याकडे जाणारा उतार पाण्यानं आणि खवल्यांनी चिकचिकीत झाला होता. संध्या मुद्दाम तिथूनच उतरली. बोटं पुढे आपटली नाहीत. वळून चढली. टाच सुटली नाही. आत पाची बोटं मोकळी पसरली होती, घरात अनवाणी असताना पसरतात तशी. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिचे डोळे संतापानं भरून आले. बूट होते तर! कुठल्या परदेशात नाही, इथे, रत्नागिरीत, नेहमीच्या रिक्षाच्या अंतरावर लटकलेले होते. आणि एवढी वर्षं आपण आपल्या पायांनाच शिव्या घालत राहिलो. ती धक्क्यावर तशीच उभी राहिली. एका खलाशानं विचारलं, "काय झालं मावशी?" तर ती म्हणाली, "तुझं काम कर."

रात्री जेवणानंतर विनोदचा व्हिडिओ कॉल आला. तिनं बूट दाखवले. तो खो-खो हसला. "ट्रक चालवायला निघालीस काय?" संध्यानं फोन बंद केला. पुन्हा वाजला, उचलला नाही. दोन दिवस नाहीच उचलला. तिसऱ्या दिवशी त्यानंच मेसेज टाकला, "गुडघा कसा आहे?" तेव्हा कुठे ती बोलली.

महिन्याच्या मीटिंगला ती तेच बूट घालून एजन्सीच्या ऑफिसात गेली. हर्षदची नजर थेट खाली.

"हे काय? दिलेलेच घालायचे, मॅडम. ग्रुप फोटो वर पाठवायचा असतो. एकटीचे जेंट्स कसे दिसतील?"

संध्यानं पिशवीतून जांभळ्या पट्टीचे बूट काढून त्याच्या टेबलावर ठेवले.

"तुम्ही हे घाला. मी दुसरं काही म्हणत नाही. घाला, आणि वरच्या वाडीला एकदा चढून या. आलात तर मी हे इथेच काढून ठेवते."

"मी कसा घालणार? मला होणार आहेत का ते?"

"मलाही होत नाहीत! एवढंच सांगत होते तुम्हाला, दोन महिने!"

आवाज इतका चढला की बाहेरचा चहावाला आत डोकावला. बाकीच्या बायका जमिनीकडे बघत बसल्या. बकुळासुद्धा. तिच्या टाचेला, बुटाच्या कडेतून कापसाचा बोळा बाहेर आलेला संध्याला दिसत होता.

हर्षदनं मान चोळली. "बरं. तुमच्यापुरतं मी चालवून घेतो. पण बाकीच्यांना सांगत बसू नका, नाहीतर प्रत्येक जण आपापलं काहीतरी घालून येईल."

मीटिंग संपली. जिन्यात बकुळानं तिला गाठलं.

"कुठून घेतलेस गो?"

"आत तोंड उघडायला काय झालं होतं?" संध्या पायरीवर थांबली. "कापूस कोंबून बसलीस, आणि मी एकटी तिथे भांडणखोर बाई ठरले!"

 बकुळा खाली बसून बूट सोडवायला लागली. टाच सोलवटलेली होती, फुरसं चावलेल्या जागेच्या थोडीच खाली. संध्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"मिरकरवाड्याला," ती म्हणाली. तेवढ्यात मागून आणखी दोघी उतरल्या, त्याही थांबल्या. "दुपारनंतर जायचं, पाय सुजलेले असताना. आतला तळ काढून त्यावर उभं राहायचं. पाय बाहेर आला तर तो जोड तिथेच ठेवायचा, नंबर वाढवायचा नाही. दुकानदार कटकट करेल. करू दे. रविवारी मी येते तुमच्याबरोबर."

त्या गेल्यावर संध्या उठली आणि पुन्हा जिना चढून वर गेली. हर्षद कुलूप लावत होता.

"सांगितलं मी बाकीच्यांना," ती दारातून म्हणाली. "तुम्हाला ठाऊक असावं म्हणून आले."