मामी तांबूल सोडत नसत

मामी तांबूल द्यायच्या, पण सोडायच्या नाहीत. आपण ओंजळ पुढे करावी, तीत पानं, सुपारी, हळकुंड, कुंकवाची पुडी आणि एक पेरू यावा, आणि घ्यायला जावं तर पानांच्या दुसऱ्या टोकाला मामींची मूठ घट्ट. "आधी हो म्हण," असं त्या अगदी शांतपणे म्हणायच्या.

चेन्नईत लग्न ठरतं तेही तांबूल बदलून. घेतलं की शब्द दिला. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू बघायला येणाऱ्या बायकांना मामी याच रिवाजात अडकवायच्या. शब्द एकच: गुरुवारी माझ्याबरोबर तपासणीला यायचं.

अड्यारला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू होतो. पुण्याहून आलेला, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून पोट वाढवणारा. मामींचं घराणं तंजावरचं. मराठी जुनी, चाल तमिळ. पहिल्या वर्षी कोलूला मी गेलो तो सुंडलसाठी, म्हणजे खोबरं घातलेल्या चण्यांसाठी. दुसरी वाटी घेत होतो आणि मामी भर दिवाणखान्यात सांगू लागल्या, "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. माझी धाकटी बहीण त्यानं गेली. तो वर्षानुवर्षं चोरपावलानं येतो. लवकर बघितला तर अडवता येतो."

मामा पंख्याकडे बघू लागले. माझ्या घशात चणा अडकला.

"तंबी, पाणी पी," मामी मला म्हणाल्या; तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "तुझंही काम आहे यात. उद्या बायको येईल. तुझ्या सिगरेटचा धूर तिनं का गिळायचा? तोही या रोगाला हात देतो."

मी तांबूल घेतलं, सिगरेट सोडायचा शब्द दिला आणि पाकीट गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांखाली लपवलं. माझ्यासारख्याला लपवायची जागाही धड सुचत नाही. संध्याकाळी दारात मामी. हातात पाकीट. "तुझं वाळवण. चांगलं कडक झालंय." आणि वर मुरिंगैच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची जुडी. "हे खा त्याऐवजी. अस्की संपव." जुडी मी अस्की, म्हणजे सगळी, संपवली. सिगरेट संपायला माझं लग्न व्हावं लागलं.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील, पण बहुतेकजणी पाल्याशी थांबतात. मामी पहाटे चालायच्या, शेजारणींना चालवायच्या, ताटात पालेभाजी आहे का हे लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघायच्या. आणि तरी म्हणायच्या, "भाजी आपलं काम करते. डॉक्टरीणबाईंचं काम भाजी करत नाही."

गुरुवारी दवाखान्यात बायका एकेक आत जायच्या. मामी बाहेर बाकावर, सगळ्यांच्या पर्सा मांडीवर घेऊन. माझी बायकोही अशीच गेली. मामी स्वतः कधी आत गेल्या, हे कोणी विचारलं नाही. आम्हांला वाटलं, गेल्याच असतील.

मग मामा गेले. पुढच्या नवरात्रात कोलू मांडला, पण मामी स्वयंपाकघराबाहेर आल्या नाहीत. तांबूल माझ्या बायकोनं दिलं, मामींसारखंच, धरून ठेवून. शेवटी ताटात एक उरलं. उरलेलं जागच्या जागी पोचवावं म्हणून मी आत गेलो आणि मामींच्या हातात ठेवलं.

दारात बायकोचा चेहरा पाहिला आणि कळलं, विधवेला मी हळदकुंकू दिलंय. झटकन परत ओढायला गेलो. मामींची मूठ मिटली होती. तांबुलाचं एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

"सोडत नाहीस," मामी म्हणाल्या. "काय कबूल करून घेतोस?"

मला काहीच कबूल करून घ्यायचं नव्हतं. पण त्या घरात हे टोक धरल्यावर बोलायचं वाक्य एकच होतं. मी म्हणालो, "गुरुवारी तपासणी."

मामींनी कुंकवाची पुडी अंगठ्यानं चाचपली. "मला असं कोणी कधी दिलं नाही. मामा होते तेव्हा नुसतंच द्यायचे लोक, धरून नाही ठेवायचे," त्या म्हणाल्या. मग, "सेरी. येते."

गुरुवारी रिक्षात त्यांनी बायकोला हळूच सांगितलं. म्हाताऱ्या बाईला पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं, कित्येक महिने झाले. कुणाला सांगायचं? जेवणात पाला वाढवला होता.

त्या दिवशी पर्सा घेऊन बाकावर मी बसलो. मामी आतून बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. उशीर झाला होता.

"भाजीला दोष देऊ नक्को," परतताना मामी मला म्हणाल्या. "तिनं आपलं काम केलं. मी केलं नाही."

पुढच्या कोलूला त्यांची खाट बाहुल्यांच्या पायऱ्यांजवळ हलवली. या वेळी तांबूल मीच देणार, असं त्यांनी सांगितलं. विधवेच्या हातचं कसं घ्यावं म्हणून दोघीतिघी दारातूनच मागे फिरल्या.

माझी बायको खाटेपाशी वाकली, ओंजळ पुढे केली. मामींनी पानं ठेवली, वर पेरू ठेवला, आणि लगेच सोडलं.

बायको तशीच वाकून राहिली, दुसरं टोक कोणीतरी धरलंय असं समजून.